अर्ध्या मांजरीची पेटी

कोल्हापूर,
ता. १४ नोव्हेंबर १९७८

ती. गं. भा. त्रिशलाक्कास,
धाकट्या बापूसोचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मांजर बरोबर असेल तरच डोळ्याच्या ऑपरेशनला कोल्हापूरला येईन, नाहीतर येणार नाही, असं तू तीन वेळा लिहिलं आहेस. एकदा लिहिलं असतंस तरी चाललं असतं. मी चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली हे खरं, पण मला वाचताही येतं.

डॉक्टरांना भेटलो. मोतीबिंदू जानेवारी संपायच्या आत काढला पाहिजे, असं ते म्हणाले. पिकून गेला तर डाव्या डोळ्याचं झालं तेच उजव्याचं होईल. डाव्याच्या वेळी आपण आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. आता उजवा एकच आहे. बाई येत का नाहीत, असं त्यांनी मला विचारलं. मी मांजरीचं सांगितलं नाही. घरची अडचण आहे म्हणालो.

बेक्कीला शेजारी मेहमुदाकडे ठेव, असं मी मागं लिहिलं होतं. ते तुला पटलं नाही. मग प्रश्न एवढाच उरतो की अडीच किलोची मांजर एस.टी.तून तीन तास आणायची कशी. कानडीत मांजराला बेक्कू म्हणतात म्हणून तू तिचं नाव बेक्की ठेवलंस. नावावर जेवढा विचार केलास तेवढाही तिच्या प्रवासावर केलेला दिसत नाही.

तेव्हा हा विषय मी हातात घेतला आहे. काल तीन आराखडे काढले. एकावर सावलीसुद्धा दाखवली. निवृत्त माणसाला काम मिळालं की तो असंच करतो. बाजारात पाळीव जनावर फिरायला न्यायचं काही साधन आहे का म्हणून विचारत फिरलो. एकानं दोरी दाखवली, एकानं साखळी. मांजर म्हटल्यावर साखळीवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. शेवटी बुरुडाकडून झाकणाची बुट्टी आणली. हवा खेळती राहावी म्हणून सगळ्यात विरळ विणीची निवडली. शेजारच्या चिमणाबाईची मांजर आत घालून येत्या रविवारी रंकाळ्यावर फिरवून बघतो.

तुला न्यायला मी स्वतः आलो असतो. पण इथं नळाला पाणी एक दिवसाआड येतं. घर सोडता येत नाही.

माझ्यावर लोभ आहेच. बेक्कीलाही माझ्याविषयी दोन बरे शब्द सांगून ठेवावेत.

तुझा
बापूसो

*

गडहिंग्लज,
ता. २२ नोव्हेंबर १९७८

चि. बापूस,
त्रिशलाक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

अक्षर मागच्या पत्रासारखंच मेहमुदाचं आहे. माझं बोट दुखतं, म्हणून मी सांगते आणि ती लिहिते. ती शाळेत मास्तरीण आहे. मी हाय म्हटलं तरी कागदावर आहे येतं. पत्र फार सभ्य वाटलं तर ते माझं नाही असं समज.

पाण्याचं वाचलं. गेल्या वर्षी घराला चुना काढायचा होता. त्याआधी गुलाबाची कलमं होती. तुझे दाजी गेले त्याला सात वर्षं झाली. तेव्हा येऊन गेलास, त्यानंतर तू एकदाही गडहिंग्लजला आला नाहीस. मेहमुदाचा नवरा रफिक पंधरा वर्षं कोल्हापूरच्या गाडीवर कंडक्टर आहे. रोज जातो, रोज येतो. त्याच्या घरीही नळ आहे. तू न्यायला आलास तर मला बरं वाटेल. नाही आलास तर रफिक आणून पोचवेल. मी काय, पार्सल.

डोळ्याचं विशेष काही नाही. थोडं धूसर आहे, सकाळच्या धुक्यासारखं. डॉक्टर लोक घाबरवतात. काम सगळं होतं. भाकरी गोल येते.

आता बेक्कीच्या अटी. पोतं नाही. दोरी नाही. चामडं नाही, पट्टासुद्धा नाही. आपल्या घरात चामडं येत नाही हे तुला सांगायला नको. आणि तिला मी दिसले पाहिजे. तोंड बंद डब्यात ती बसणार नाही. मला सोडून दिलं असं मला वाटेल. म्हणजे तिला वाटेल. मेहमुदाला म्हटलं ते खोड, ती म्हणते शाई आहे, राहू दे.

ती जैनाच्या घरची मांजर आहे. दूधभात खाते. अंगणात उंदीर दिसला तर तोंड फिरवते. हे सांगताना मेहमुदा हसते आहे, कारण तिच्या घरातले उंदीर संपले आहेत.

रंकाळ्यावर काय झालं ते कळव. लोभ कमी करू नये, बुट्टीवर खर्चूही नये.

तुझी
आक्का

*

कोल्हापूर,
ता. ४ डिसेंबर १९७८

ती. गं. भा. आक्कास,
बापूसोचा शि. सा. न. वि. वि.

रंकाळ्यावर काय झालं ते मी लिहिणार नव्हतो. पण चिमणाबाई कुणाबरोबर तरी कळवेलच, तेव्हा मीच कळवतो.

मांजर बुट्टीत घालून मी सकाळी आठला निघालो. इस्त्रीचं धोतर, काळी टोपी. मांजर शांत होती. वारा आत जात होता. माझ्या निवडीबद्दल मला समाधान वाटत होतं. रंकाळ्याच्या कट्ट्यापाशी एकानं पावणं म्हणून हाक मारली आणि गावठी हाय का म्हणून विचारलं. मला वाटलं मांजरीबद्दल विचारतो आहे. मी व्हय म्हणालो. अंड्यावरची हाय का, असं त्यानं पुढं विचारलं. तेव्हा मला कळलं की माझ्या हातात बुट्टी नव्हती. कोंबड्या नेतात ते डालगं होतं. बुरुडानं मला काही विचारलं नव्हतं, आणि मीही त्याला काय न्यायचं आहे ते सांगितलं नव्हतं. मी फक्त हवा खेळती पाहिजे म्हणालो होतो.

कोंबडी नाही, असं मी जरा मोठ्यानं सांगितलं. त्यामुळं आणखी दोघं आले. त्यातले एक आपल्या बसदीत रोज दर्शनाला भेटणारे तात्यासाहेब. त्यांनी डालग्याकडं पाहिलं, माझ्या टोपीकडं पाहिलं आणि मास्तर, ह्या वयात, एवढंच म्हणाले. मग खात्री पटावी म्हणून मी झाकण उघडलं. मांजरीनं आधी तात्यासाहेबांच्या खांद्यावर पाय दिला, मग कट्ट्यावर, मग दिसेनाशी झाली. तात्यासाहेबांची खात्री पटली. मी तासभर हाका मारत फिरलो. घरी आलो तेव्हा मांजर चिमणाबाईच्या दारात बसून पाय चाटत होती. ती माझ्या आधी अर्धा तास आली, असं चिमणाबाई म्हणाली. पुन्हा फिरायला नेणार असाल तर मांजरीला विचारून न्या, असंही म्हणाली.

बुट्टीचा विषय संपला. आता बाबालालकडे जातो. टांग्यांचे टप शिवणारा बाबालाल तुला आठवत असेल. टांगे कमी झाले, आता तो रिक्षांचे टप शिवतो. माझ्या डोक्यात अशी पेटी आहे: खाली पातळ फळी, बाजूंना कॅनव्हास, वर टांग्यासारखा टप. टप मागं पाडला की बेक्कीला तू दिसशील. पट्टे नवारीचे.

बाबालालला माप लागेल. चपलेसाठी आपण कागदावर पाय ठेवून भोवती पेन्सिल फिरवतो, तसं कर. बेक्की पाय पसरून झोपली असेल तेव्हा खाली कागद सरकव, कडेनं रेघ काढ आणि पाठव. डॉक्टरांनी तुझ्यासाठी अठरा जानेवारी राखून ठेवली आहे. ती चुकवायची नाही.

मला यायला जमेलसं वाटत नाही. कलमांना याच दिवसांत बघावं लागतं.

मानहानी झालेल्या भावावर लोभ जरा वाढवावा.

तुझा
बापूसो

*

गडहिंग्लज,
ता. १२ डिसेंबर १९७८

चि. बापूस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मेहमुदानं दोनदा वाचलं. एकदा मला आणि एकदा रफिकला. तेव्हापासून रफिक तुला डालगंमास्तर म्हणतो. मी त्याला रागावले, पण हसून झाल्यावर.

कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर माप घेतलं आहे. मेहमुदा शाळेत गेली होती, मीच घेतलं. तू बसून वाट बघतोस म्हणून थांबले नाही. बेक्की दुपारची उन्हात आडवी झाली तेव्हा कागद खाली घातला आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळी रेघ काढली. तिनं मधे एकदा पेन्सिल पकडली, तेवढंच. तू मला लहानपणी चित्र येत नाही म्हणून चिडवायचास. आता बघ.

कागद सोबत घडी करून घातला आहे. ही घडी न उघडताच पाकिटात घालून चिकटव, असं मेहमुदाला सांगितलं आहे. ती चित्राला हसेल.

कलमांचं वाचलं.

लोभाची घडी पडली तरी तो मोडत नाही, एवढं ध्यानात असू दे.

तुझी
आक्का

*

कोल्हापूर,
ता. २१ डिसेंबर १९७८

ती. गं. भा. आक्कास,
बापूसोचा शि. सा. न. वि. वि.

पेटी झाली आहे. दिसायला देखणी आहे. वर टप, पुढं पीठ चाळायच्या चाळणीची जाळी, बाजूला बारीकसारीक ठेवायला खिसा, पितळी बटणं. घोडा सोडून सगळं हाय ह्यात, असं बाबालाल म्हणाला. पट्ट्यांचं मी सांगायच्या आधीच त्यानं नवार काढून ठेवली होती. जैन मास्तरांच्या घरात काय जातं न् काय न्हाय, एवढं कळतंय की मला, असं म्हणाला.

दोष एकच आहे. तिच्यात अर्धी मांजर बसते.

तुझा कागद मी उघडला तेव्हा एक कान, पाठीची कमान आणि मागचा एक पाय एवढी रेघ होती. पुढं काही नव्हतं. मला वाटलं बेक्की कुशीवर झोपली असेल आणि तू कागदाच्या कडेला कड लावून काढली असशील. चौतीस वर्षं पोरांच्या अर्धवट चित्रांवर मी रेघा पुऱ्या करून दिल्या. त्याच सवयीनं पट्टी घेतली आणि कानापासून पायापर्यंत सरळ रेघ ओढून टाकली. बाबालालला म्हणालो की मांजर बारकी आहे. त्यानं सांगितल्याप्रमाणं शिवली.

चिमणाबाईची मांजर आत घातली. पुढची मांजर बसली. मागची बाहेर राहिली. टप ओढला तर बटण लागेना, आणि बटण लागलं तेव्हा मांजर लागली, माझ्या मनगटाला.

बाबालालनं कागद मागून घेतला. तो कॅनव्हासवर माप काढताना अंगठ्यानं कापड चाचपतो, तसा त्यानं कागद चाचपला. मग माझा हात धरून बोट कागदावर फिरवलं. पायापासून पुढं, पोटाच्या बाजूनं, वर दुसऱ्या कानापर्यंत खाच होती. नुसती खाच. पेन्सिल फिरली होती, जोर देऊन फिरली होती. शिसं मोडलं होतं.

बाबालाल म्हणाला की मास्तर, बाईंनी रेघ पुरी काढलीया. आपल्याला दिसली न्हाय. मग कागदाची घडी घालत म्हणाला की त्यांनाबी दिसली न्हाय.

आक्का, मी चित्र बघायला शिकवणारा माणूस. तो कागद आठवडाभर माझ्या टेबलावर होता.

तुला किती दिसतं? धुक्याचं लिहू नकोस.

बाकी सगळं नंतर. लोभ असल्याशिवाय हे विचारलं नसतं.

बापूसो

*

गडहिंग्लज,
ता. २६ डिसेंबर १९७८

आदरणीय बापूसो काकांस,
मेहमुदाचा सलाम.

हे पत्र माझं आहे. तुमचं पत्र मी आक्कांना वाचून दाखवलं. चिमणाबाईंची मांजर चावली तिथपर्यंत त्या हसत होत्या. शिसं मोडल्याचं आलं तेव्हा त्यांनी पुढं वाचू नकोस म्हणून सांगितलं. मी वाचलं. मग त्या म्हणाल्या, लिही, सगळं ठीक हाय. मी लिहिलं नाही. त्या म्हणाल्या, मग तुला काय लिहायचं ते लिही, मी न्हाय सांगणार. म्हणून लिहिते.

त्यांचं बोट दुखत नाही. गुढीपाडव्यापासून त्यांना अक्षर दिसत नाही. उजेड आणि अंधार कळतो, समोर माणूस उभा आहे हे कळतं, कोण ते आवाजावरून. भाकरी गोल येते हे खरं आहे, ती हातानं येते.

बेक्कीच्या गळ्यात त्यांनी घुंगरू बांधलं आहे. मांजर त्यांच्या पुढं चालते. मागच्या परड्यात जाताना ती पायरीवर थांबते, मग आक्का थांबतात. आडाच्या कट्ट्यावर ती चढून बसते, तिथून हात पुढं करून त्या रहाट शोधतात. मी एकदा पाणी शेंदायला आले तर त्या रागावल्या. मांजर माझ्याकडं ठेवा म्हटलं की त्या विषय बदलतात, त्याचं कारण हे आहे. अनोळखी घरात मांजरीशिवाय त्यांना पाऊल टाकता येणार नाही, आणि ते त्यांना सांगायचं नाही.

माप मी नीट घेतलं आहे. डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत अठरा इंच, उभी असताना उंची दहा. शिसं तपासून घेतलं.

काका, तुम्ही न्यायला आलात तर बरं होईल. त्या विचारणार नाहीत.

चूकभूल पोटात घालावी. ह्यांचाही सलाम.

मेहमुदा

*

कोल्हापूर,
ता. २ जानेवारी १९७९

ती. गं. भा. आक्कास,
बापूसोचा शि. सा. न. वि. वि.

मेहमुदा हे मोठ्यानं वाचेल. वाचू दे.

बाबालालनं पेटी उसवून मोठी केली. टप तोच आहे, खाली फळी नवी. परवा चिमणाबाईची मांजर घेऊन मी एस.टी.त बसलो. कागलपर्यंत जाऊन परत यायचं, म्हणजे पेटीची परीक्षा होईल, असं चिमणाबाईला सांगितलं. खरी परीक्षा माझी होती.

मांजर उत्तीर्ण झाली. स्टँड सुटायच्या आधीच झोपली. मी शहर सुटेपर्यंत टिकलो. मग खिडकीशी बसलेल्या बाईला उठवून तिची जागा घेतली आणि कागलपर्यंत डोकं आत आणलं नाही. मांजराची भीती वाटतीया का मास्तरांस्नी, असं त्या बाईनं मागच्या बाईला विचारलं. कागलला उतरलो तेव्हा मांजर टपातून बाहेर बघत होती आणि मी पेटीला धरून उभा होतो. कोण कुणाला फिरायला घेऊन आलंय ते बघणाऱ्याला कळलं नसतं. परत एस.टी.त चढायचं धैर्य झालं नाही. गुळाच्या ट्रॅक्टरवर ढेपांशेजारी बसून आलो.

आता दुसरं. तू डोळ्याचं लपवलंस, मीही एक लपवलं आहे.

दाजी गेल्याची तार सकाळी आली. नऊच्या गाडीत बसलो. निपाणीला मी उतरलो आणि स्टँडच्या बाकावर आडवा झालो. गाडी निघून गेली. नंतरच्या दोन गाड्याही माझ्या डोळ्यांदेखत गेल्या. चढवेना. तुझ्या दारात पोचलो तो दुसऱ्या दिवशी सकाळी. सगळं उरकलं होतं. गाडी बंद पडली, असं मी तुला आणि सगळ्यांना सांगितलं. गाडी ठणठणीत होती. बंद पडलो तो मी.

तेव्हापासून पाणी, चुना, कलमं. मला गाडी लागते ते आहेच. पण तुझ्या दारात पुन्हा उभं राहायचं म्हणजे ते खोटं बरोबर घेऊन उभं राहायचं. ते मला जमलं नाही.

तरी मी येतो. पंधराला निघतो. निपाणीला उतरलो तर तिथून चालत येईन.

लोभाला पात्र नाही, पण मागतो.

बापूसो

*

गडहिंग्लज,
ता. ८ जानेवारी १९७९

चि. बापूस,
आशीर्वाद. वि. वि.

चालत येऊ नकोस. तू पोचेपर्यंत अठरा तारीख जाईल आणि मला दोन पेशंट सांभाळावे लागतील.

पेटी रफिकबरोबर पाठव. मी सोळाला त्याच्याच गाडीनं येते. पेटी मांडीवर ठेवीन, टप मागं पाडीन आणि घुंगरू ऐकत येईन. तू स्टँडवर उभा राहा. घरात पायऱ्या किती आहेत ते आधी मोजून ठेव आणि मला सांग. तुझ्या घराला बेक्की नवीन आहे, तिच्यावर सगळा भार टाकता येणार नाही.

निपाणीचं ऐकलं. त्याचं उत्तर मेहमुदाकडून लिहून घ्यायचं नाही. डोळा आला तर माझ्या हातानं लिहीन. नाही आला तर तू बिनउत्तराचा राहशील. तेव्हा डॉक्टरांना नीट काम करायला सांग.

लोभ मागून मिळत नसतो. तो असतो, तेव्हा गप्प बसावं.

तुझी
आक्का

*

कोल्हापूर,
ता. १८ मार्च १९७९

ती. गं. भा. आक्कास,
बापूसोचा शि. सा. न. वि. वि.

चष्मा तयार झाला. रफिकबरोबर पाठवला आहे. काचा जाड आहेत, घाबरू नकोस. डॉक्टर म्हणाले की सुरुवातीला सगळं मोठं आणि जवळ दिसेल, पायऱ्यांवर जपा.

तू आठवडाभरापूर्वी गेलीस. पावणेदोन महिन्यांत तू या घरावर पुष्कळ बोललीस. माझ्या आमटीवर बोललीस, बाबालाल भेटायला आला तेव्हा त्याच्याशी टांग्यांवर तासभर बोललीस. निपाणीवर बोलली नाहीस. मीही विचारलं नाही. डोळ्यावर पट्टी असलेल्या माणसाला हिशेब मागायचा नसतो, आणि द्यायचा तर मलाच होता.

बेक्कीचं कळवतो. गाडीच्या वेळी ती सापडली नाही, आपण सगळं घर पालथं घातलं, शेवटी स्टँडवर रफिकनं घंटी मारली आणि तू गेलीस. संध्याकाळी ती चिमणाबाईच्या मागच्या खोलीत मिळाली. दाराला बाहेरून कडी होती. मांजर आत शिरली हे समजतं, तिनं बाहेरून कडी कशी लावली हे समजत नाही. चिमणाबाईला विचारलं तर तिला अचानक भांडी घासायची आठवण झाली.

सध्या ती पेटीतच राहते. पेटी माझ्या टेबलावर असते. मी आराखडे काढायला बसलो की ती टपाखालून माझ्याकडे बघते, जुने इन्स्पेक्टर बघायचे तशी. काल पेटी खांद्याला लावून तिला रंकाळ्यावर नेलं. पावणं, घोडा कुठाय, असं एकानं विचारलं. तात्यासाहेबांनी लांबूनच नमस्कार केला.

तिला रफिकबरोबर कधी पाठवू ते कळव. आता तुला पायरी दिसते, तरी ती तुझ्याकडेच असलेली बरी.

कॅलेंडरचा कागद सोबत घातला आहे. नव्या चष्म्याची पहिली परीक्षा हीच.

पत्राला उत्तर येईल इतपत लोभ असू द्यावा.

तुझा
बापूसो

*

गडहिंग्लज,
ता. २ एप्रिल १९७९

चि. बापूस,
आशीर्वाद. वि. वि.

अक्षर माझं आहे. ओळी वरखाली जातात, कारण ताट परातीएवढं दिसतं आणि कागद अंथरुणाएवढा. मेहमुदा शेजारी बसली आहे. तिला बघू देत नाही.

कागद पाहिला. शिसं मागच्या पायापाशी मोडलं होतं. ती तू पट्टीनं ओढलेली रेघही पाहिली. मांजर अशी नसते. राहिलेली रेघ मी पेननं पुरी केली आणि कागद परत पाठवते आहे. तपासून ठेव.

आता निपाणी.

त्या दिवशी त्या गाडीवर रफिक होता. गाडी स्टँडला लावून तो तसाच घरी आला, खांद्याला तिकिटांची पेटी अडकवून. म्हणाला, आक्का, तुमचं भाऊ येत हुतं, निपाणीला उतारलं, लई हाल झालं त्यांचं. बाकावर निजवून, पाणी देऊन आलोय. वाट बघू नगा. तुझ्यासाठी थांबायचं की नाही म्हणून माणसं मला विचारत होती. थांबू नका म्हणून सांगितलं ते मी.

दुसऱ्या दिवशी तू आलास आणि गाडी बंद पडली म्हणालास. तुझा सदरा धुतलेला होता आणि ओला होता. मी बरं म्हटलं. पुढच्या खेपेला आलास की सांगावं, असं मनात होतं. पुढची खेप झाली नाही. पत्रात लिहिलं असतं तर तू चार पानं माफी लिहिली असतीस आणि आला नसतासच. सात वर्षं मी तुझ्या नळाचं पाणी ऐकलं.

बेक्कीला रफिकबरोबर पाठवायचं नाही. चिमणाबाईच्या खोलीची कडी मी लावली. मला ती चाचपून सापडली, तेव्हा चष्मासुद्धा नव्हता. चिमणाबाईला बोलू नकोस, तिला मी शपथ घातली होती.

मांजर तुझ्याकडं आहे. पेटी तुझ्याकडं आहे. पेटीच्या खिशात हात घाल. मी निघायच्या आदल्या दिवशी त्यात लवंगा आणि वाळवलेल्या लिंबाच्या फोडी बांधून ठेवल्या आहेत. त्या बेक्कीसाठी नाहीत. पुढची सीट रफिक धरून ठेवील, त्याला सांगितलं आहे. तो म्हणाला, डालगंमास्तरांस्नी खिडकी देतो.

गाडी लागली तर निपाणीला उतर. त्याच बाकावर बस. टप मागं पाड, बेक्कीला जरा वारा लागू दे. दोन गाड्या जाऊ देत, चार जाऊ देत. पुढची येतेच. या खेपेला कुणी खोळंबलेलं नाही.

मी दारात आहे. तू कोपऱ्यावरून वळलास की मला दिसशील.

तुझी
आक्का